चुलीचा सोमवार

सोमवार, १४ जुलै २०२५, दुपारी एक वाजून दहा मिनिटे: आई पडवीच्या पायरीवर बसली आणि बसल्या जागीच डावीकडे कलंडली.

वेळ इतकी अचूक सांगता येते, याचे कारण मला फारसे शोभणारे नाही. पाळीनुसार बदलणारी माझी साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी आली होती आणि ती मी त्याच पडवीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एका चाचणीचा अहवाल लिहीत घालवत होते. आई कलंडली तेव्हा मी आधी पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळाकडे पाहिले आणि मग तिच्याकडे धावले. क्रम उलटा असायला हवा होता. परंतु महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात चार वर्षे काढली की नमुन्याकडे पाहण्याआधी वेळ टिपण्याची सवय हाडांत भिनते.

मी तांब्याभर पाणी तिच्या तोंडावर मारले. तिने डोळे उघडले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे:

"माझ्यावर कशाला ओततीस गो? आवणावर मार. सुकंल ते."

आवण म्हणजे भाताची रोपे. त्यांच्या मुठी बांधून, डोक्यावरून आणून तिने अंगणात टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लावणी होती. समोर शेजाऱ्यांच्या गोठ्यात दोन बैल निवांत रवंथ करत बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि विशेष काही नसल्याची खात्री पटल्यावर पुन्हा डोळे मिटले.

त्यांच्या निवांतपणाला कारण होते. पोलादपूर तालुक्यातील कापड्याजवळच्या आमच्या वाडीत सोमवार पाळतात. त्या दिवशी जोत बांधत नाहीत, नांगर शेतात उतरत नाही, चिखलणी होत नाही. बैल बसतो, बैलामागचा गडीही बसतो, देवळाच्या पारावर. पिढ्यानपिढ्यांचा नियम आहे आणि मोडणाऱ्याला गावकी जाब विचारते. म्हणजे साऱ्या वाडीने विश्रांतीसाठी राखलेल्या दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, कोसळलेला सजीव एकच होता.

संध्याकाळी मी तिच्या त्या दिवसाची यादी केली. पहाटे चार चाळीसला उठणे, चूल, पाणी, गोठा, भाकऱ्या, धुणे, आवण काढणे, पुन्हा चूल. एकूण आठ तास तीस मिनिटे, आणि ते केवळ कलंडण्यापूर्वीचे. आईने यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, "ह्यात काम कुठलं हाय? सोमवार होता ना."

दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या डॉक्टरांनी तिचा रक्तदाब मोजला: १६४/१०२. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि विचारले, "आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घेता का?"

"घेते की," आई अतिशय सभ्यपणे म्हणाली. "आमच्यात सोमवार पाळतात."

डॉक्टरांना ही प्रथा फार आवडली. त्यांनी ती कागदावर लिहूनसुद्धा घेतली.

बाबांना मात्र इतक्या सहज फसवता आले नाही. ते मुंबईत एका मोठ्या इमारतीच्या पंपांची आणि लिफ्टची देखभाल करतात आणि गेली कित्येक वर्षे एकाआड एक दिवस दुहेरी पाळी करतात. फोनवर त्यांनी निकालच दिला: "दसऱ्याला मी येतोय. तवर बीपी खाली नाय आलं, तर शेत अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला देऊन टाकायचं आणि तू इकडं रूमवर यायचं. इकडं नळ हाय, गॅस हाय. बसून खायचं."

आईने फोन खाली ठेवला. 'बसून खायचं' हे शब्द तिने जन्मठेप ऐकावी तसे ऐकले होते. त्या खोलीत ती आयुष्यात एकदाच राहिली होती, आठ दिवस. चौथ्या दिवशी तिने शेजाऱ्यांचा जिना धुऊन काढला होता. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी बाबांकडे तक्रार केली होती.

"मला नाय जायचं," ती शेवटी म्हणाली.

"मग सोमवारी खरंच बस."

"मी बसू? आणि गाव काय म्हणंल? नांगराला वार हाय. चुलीला कुठं वार असतो?"

आक्षेप तर्कशुद्ध होता. अडचण आईच्या स्वभावात नव्हती, निदान सगळी नव्हती. ती नियमाच्या व्याख्येत होती. आणि व्याख्या बदलण्याचा अधिकार गावकीकडे होता.

गावकीची बैठक नेमकी त्याच रविवारी ठरली होती, आणि मला तिचे निमंत्रणही आले, वेगळ्याच कारणासाठी. पंधरा वर्षे मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतलेल्या शेजारच्या काकांनी नवा पॉवर टिलर घेतला होता आणि १४ तारखेच्या सोमवारीच, साऱ्या गावादेखत, खालच्या खाचरात चिखलणी केली होती. गावकी त्यांना जाब विचारणार होती. ते माझ्याकडे साक्षीसाठी आले.

"तू सायन्सवाली. तू फक्त सिंपल बोलायचं. मशीन म्हणजे मशीन. बैल थकतो म्हणून त्याला वार. मशीन थकतच नाय, तर वार कसला? लॉजिक बरोबर हाय ना?"

"मोजून सांगेन," मी म्हणाले.

त्यांना ते वाक्य आश्वासक वाटले. मी कारखान्याच्या देखभाल विभागातून, रीतसर नोंद आणि सही करून, टेंपरेचर गन आणली: पिस्तुलासारखा धरून लांबूनच तापमान दाखवणारा मापक. सोबत माझा स्वतःचा कागदही तयार केला. आईच्या सात दिवसांच्या कामाचा रंगीत तक्ता, तासागणिक.

रविवारी सकाळी दहाला देवळाच्या मंडपात गावकी बसली. बाबा मुंबईत असल्याने घराच्या वतीने बसण्याचा हक्क मला होता. आजवर तो बजावायला मला वेळ झाला नव्हता. मी आधी माझा तक्ता पुढे केला. तो हातोहात फिरला. एकाने त्याचा पंखा करून वारा घेतला. गावकीचे अध्यक्ष, ज्यांना सारे आबा म्हणतात, त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"छपाई मस्त हाय," ते म्हणाले. "पण बाय, बायकांचं काम असं मोजत नसतात. ते चालूच असतं. नदी मोजती का कोणी?"

"मोजतात, आबा. महाडच्या पुलाखाली पुराच्या खुणा आहेत."

मंडपात हशा झाला, पण तक्ता बाजूला ठेवला गेला. माझा पहिला प्रयोग पूर्णपणे फसला होता. मग टिलरचा विषय निघाला. काका सकाळचे काम आटोपून टिलर थेट देवळाच्या अंगणात घेऊन आले होते, आपली बाजू भक्कम आहे या खात्रीने. त्यांनी लॉजिक मांडले आणि माझ्याकडे बोट केले.

आबा उठले, अंगणात गेले आणि कोणालाही काही न विचारता त्यांनी टिलरच्या इंजिनावर तळहात ठेवला. हात ज्या वेगाने मागे आला, तो त्यांच्या वयाला साजेसा नव्हता.

"तापलाय!" बोटे झाडत ते म्हणाले. "काय रे, थकत नाय म्हणतोस? जे काम करून तापतं, त्याला थंड व्हायला एक दिवस पायजे. बैल असो, मशीन असो. टिलरला वार हाय. झाला निकाल."

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी गन रोखली आणि आकडा मोठ्याने वाचला: "बासष्ट अंश. आबांचे बरोबर आहे."

"अरे, ही माझी साक्षीदार हाय ना?" काका म्हणाले.

"साक्षीदार खऱ्याची असते, काका. आता आबा, एक शंका. जे काम करून तापते त्याला वार, हा नियम पक्का?"

"पक्का."

"कोणालाही?"

"एकदा बोललो ना."

"मग पाच मिनिटे तुमच्या घरी येऊ का?"

आबांचे घर देवळाला लागूनच आहे. मी पुढे, मागे आबा, त्यांच्यामागे काका, आणि त्यांच्यामागे कुतूहलाने उठलेली सारी गावकी, असे आम्ही त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. आत काकी, म्हणजे आबांची पत्नी, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या. बैठकीनंतर याच मंडळींचे जेवण तिथे होते. मी गन त्यांच्या हातावर रोखली.

"त्रेचाळीस अंश," मी वाचले. "बैलाच्या पाठीपेक्षा जास्त. सकाळीच मोजली आहे."

येथे एक कबुली देणे भाग आहे. विस्तवापुढे धरलेल्या कातडीचे तापमान म्हणजे शरीराचे तापमान नव्हे, आणि त्यावरून श्रम सिद्ध होत नाहीत. चुलीपुढे लोळणारे मांजरही तेवढेच तापले असते. हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होते. कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. कोणी विचारले नाही.

काकींनी मागे वळून दारातल्या गर्दीकडे पाहिले. "काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही, काकी. तुम्ही काम करून तापता का, ते मोजत होते."

"आत्ता मोजलंत व्हय?" भाकरी उलथत काकी म्हणाल्या. "चाळीस वर्ष तापतेय. ह्यांना विचारा, ह्यांना नाय तर कोणाला माहीत?"

गावकीत कोणीतरी मागून खोकले. आबांनी एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या लाल बोटांकडे पाहिले. स्वतःचा निकाल पाच मिनिटांत फिरवणे त्यांच्या पदाला शोभले नसते. देवळात परतून त्यांनी जाहीर केले: दसऱ्यापर्यंत चुलीलाही सोमवार. बघू कसं जमतंय.

त्या दुपारी मी स्वतःवर इतकी खूश होते की निष्कर्षाची पडताळणी करायची असते, हे साफ विसरले.

सोमवार, २१ जुलै. वाडीतल्या एकाही घरातून धूर निघाला नाही. बायका ओट्यांवर बसल्या होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या, "आता काय करायचं गो?" पुरुषांसमोर ताटे वेळेवर आली. भाकरी, पिठले, सुकटीची चटणी, सगळे गार. तेव्हा मला शंका आली आणि मी रविवारच्या नोंदी तपासल्या. सोमवारी चूल बंद, म्हणून सर्व बायकांनी सोमवारचा स्वयंपाक रविवारीच करून ठेवला होता. आईचा रविवार सतरा तासांचा झाला होता. विश्रांती निर्माण झाली नव्हती. कष्ट केवळ एका वारातून दुसऱ्या वारात गेले होते. शाळेत आम्हाला शिकवले होते की ऊर्जा नष्ट होत नाही. बायकांच्या कामालाही तोच नियम लागू असेल, हे मला एमएस्सीपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी मी घरच्या यंत्रावर तिचा रक्तदाब घेतला: १६६/१०२. जिथून निघालो, त्याच्याही दोन अंक पुढे.

"तू बसलीस तरी का आज?" मी चिडून विचारले.

"बसलेच होते. बसून तांदूळ निवडले."

"त्याला बसणे म्हणत नाहीत."

"असं?" आईने पदराच्या गाठीतून मूठभर चिंचोके काढले आणि माझ्यासमोर जमिनीवर ओतले. "मोज."

"काय आहे हे?"

"तू पण आज रजेवर होतीस ना? सुट्टी बदलून घेतलीस म्हणे, आईसंगं बसायला. तू फोन उचललास का मी एक चिंचोका बाजूला टाकला. मोज, मोज. मोजायची लय हौस हाय ना तुला."

मी मोजले. सदतीस होते. माझ्या प्रयोगात दुसरा निरीक्षक होता आणि तो माझ्यापेक्षा काटेकोर होता, हे मला त्या क्षणी कळले. मी बचाव केला: वरिष्ठ विश्लेषकाच्या जागेसाठी सप्टेंबरमध्ये मुलाखत आहे, तयारी करावी लागते, निरोपांना उत्तरे द्यावी लागतात.

"व्हय," आई म्हणाली. "माझं पण आवण सुकतं."

मी चिंचोके गोळा करून तिच्या हातात परत दिले. निष्कर्ष उघड होता. घरात असेपर्यंत दोघींपैकी एकीलाही थांबता येणार नव्हते. तिला तांदूळ दिसत राहणार आणि मला फोन. मी विचारले, "लग्नाआधी माहेरी सोमवारी काय करायचीस?"

तिचे माहेर उमरठकडचे. तिने दाराकडे पाहिले, कोणी ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणाली, "गरवायला जायची."

गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे. माझी आई, जिला मी आयुष्यात कधी रिकाम्या हाताने बसलेली पाहिले नव्हते, ती तासन्‌तास पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर गळाची काठी धरून बसत असे, ही माहिती मला सत्ताविसाव्या वर्षी मिळाली.

"मग जाऊ या."

"येडी काय? पुढच्या सोमवारी श्रावण. श्रावणी सोमवारी उपास धरून मासे मारायला गेले तर काकी मला गावातनं हाकलतील."

"मग सांगायचे काय?"

पुढचा प्रस्ताव आईचा होता. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण नंतर तिने तो माझ्यावर ढकलला. "डॉक्टरकडं चाललो सांगायचं," ती म्हणाली. "आजारी माणसाला कोण अडवतंय?"

अशा रीतीने २८ जुलैला सकाळी साडेनऊ वाजता आम्ही डॉक्टरांकडे निघालो. आईने जाण्यायेण्याची जांभळी साडी नेसली होती. डॉक्टरांच्या फायलीच्या पिशवीत फाईल नव्हती. तंगूस होता, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा. वळणापर्यंत मी स्कूटर पोलादपूरच्या दिशेने चालवली, मग खालच्या वाटेने फिरून उमरठच्या रस्त्याला लागले. वळण ओलांडताच मागे आई हसायला लागली, ती स्कूटर हलेपर्यंत.

पऱ्याच्या एका संथ डोहाशी तिने जागा निवडली, बांबूची बारीक काठी तोडून घेतली, तंगूस बांधला, टोकाला कणीक लावली. मी बारकाईने पाहत होते.

"गरी विसरलीस," मी म्हणाले. गरीशिवाय, म्हणजे लोखंडी आकड्याशिवाय, मासा अडकणार कसा?

"विसरले नाय. श्रावण हाय. मारायचा नाय, खायचा नाय."

"मग हे कशासाठी?"

"तो येतो, ओढतो. ते हाताला कळतं. तेवढंच."

"म्हणजे उत्पन्न शून्य."

"कसलं उत्पन्न? गप बस, पाण्याला ऐकू जातं."

मी तिला सांगू पाहिले की ही मासेमारी नसून माशांना फुकट जेवण आहे. तिने मला दुसरी काठी दिली. पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात मुलाखतीची उत्तरे पाठ केली. मग दोऱ्याला अगदी हलका, दोनदा झटका बसला, कोणी पदर ओढून पळून जावे तसा, आणि मी एखाद्या शाळकरी मुलीसारखी ओरडले. आईने कपाळाला हात लावला. "गेला. गुणवत्ता विभाग म्हणे!"

त्यानंतर आमच्यात पैज लागली. जिला जास्त झटके, ती जिंकली, मोजणी चिंचोक्यांनी. ती खोटे मोजते असा माझा संशय होता आणि अजूनही आहे. घरी परतताना दीड वाजून गेला होता. फोन मी स्कूटरच्या डिकीत विसरले होते.

त्या संध्याकाळी १५०/९४. पुढच्या सोमवारी, ४ ऑगस्टला, १४२/९०. यातला किती वाटा गोळीचा आणि किती डोहाचा, हे मला सांगता येणार नाही. गोळी न घेता गरवणारी दुसरी आई तुलनेसाठी उपलब्ध नव्हती.

पण एका गोष्टीचा हिशेब मी केला नव्हता. गावालाही अनुमान काढता येते. वाडीला माझ्याविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक होती: ही पोरगी सुट्टी घेत नाही. गौरी-गणपतीतसुद्धा ती दीड दिवसात कामावर पळते. तीच आता दर सोमवारी आईला घेऊन डॉक्टरांकडे जाते. दोन्ही गोष्टी जोडून काकींनी जो निष्कर्ष काढला, तो पद्धत म्हणून निर्दोष होता: आईचे काही खरे नाही.

घरी शहाळी येऊ लागली. रविवारी संध्याकाळी वेगवेगळ्या घरांतून डबे यायचे: वरीचे तांदूळ, राजगिऱ्याच्या पुऱ्या, रताळ्याचा कीस. आईला सोमवारसाठी रविवारी काही रांधावे लागेना. बायका तिचा हात हातात घेऊन बसायच्या आणि जाताना डोळे पुसायच्या.

"सांगून टाकू या," मी म्हणाले.

"काय सांगू? श्रावणी सोमवारी गरवत होते म्हणून?" आईने पुरीचा तुकडा मोडला. "आणि कीस चांगला झालाय. खाऊन बघ."

टिलरवाले काका मात्र नुसते डोळे पुसून थांबणारे नव्हते. माझ्यावर त्यांचा राग होता, पण आईवर नव्हता. त्यांनी बाबांना फोन केला: वहिनींचे सीरियस आहे, तुला सांगत नाहीत, लगेच निघ.

सोमवार, ११ ऑगस्ट. बाबा पहाटेच्या गाडीने निघून साडेअकराला वाडीत पोहोचले. घराला कडी. काकींनी रडत सांगितले, डॉक्टरकडे नेले आहे. बाबा पोलादपूरला गेले. तिथे त्यांना कळले की पंधरा जुलैनंतर ही बाई दवाखान्यात फिरकलेलीच नाही. पुढे त्यांनी आम्हाला कसे शोधले, हे मला त्यांनी कधी नीट सांगितले नाही. एवढेच म्हणाले की आई बावीस वर्षांची असताना तिला मागणी घालायला उमरठला गेले होते, तेव्हाही ती घरी नव्हती, डोहावर होती.

मी मागे वळले तेव्हा ते वाटेवर उभे होते. हातात मुंबईची पिशवी, शर्ट घामाने भिजलेला, चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला. दसऱ्याला सात आठवडे होते. त्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटले, दसरा आजच आला.

"काय चाललंय काय?" ते म्हणाले.

आईने मान वळवली नाही. "हळू बोला. आलाय तो."

"कोण आलाय? गाव रडतंय तिकडं! मी रात्रपाळी सोडून आलो! तू आजच्या आज माझ्यासंगं मुंबईला चल. बस झालं हे."

"दोन मिन्टं," आई म्हणाली. दोरा ताणला, हलला, सैल पडला. तिने एक चिंचोका बाजूला ठेवला आणि मग उठली. "आता बोला."

बाबांनी काठी उचलली, दोऱ्याचे टोक पाहिले. "ह्याला गरी कुठाय?"

"श्रावण हाय."

त्यांनी दोऱ्याचे टोक पुन्हा उलटसुलट करून पाहिले. मी ती संधी साधली आणि पिशवीतून रक्तदाबाचे यंत्र काढले. आईला दगडावर टेकून बसवले, पाच मिनिटे थांबले, पट्टा बांधला. बाबांना आकडा वाचता यावा म्हणून यंत्र त्यांच्याकडे फिरवले: १३४/८६.

"मशीन खोटं हाय," ते म्हणाले.

शंका योग्य होती. यंत्र एकाच माणसावर तपासून चालत नाही. मी स्वतःचा घेतला: ११२/७४. "आता तुमचा."

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"तिसरा नमुना हवा, बाबा. नाही तर मशीन खोटेच ठरेल."

ते कुरकुरत दगडावर बसले. चढून आले होते, रागावलेले होते, म्हणून मी पाचऐवजी दहा मिनिटे मोजली.  त्या दहा मिनिटांत आईने कणकेची एक नवी गोळी वळली. यंत्र फुगले, थांबले, वाजले.

१६८/१०४.

"पुन्हा घे," बाबा म्हणाले.

पुन्हा दहा मिनिटे. १६६/१०४.

 बाबा आकड्याकडे पाहत राहिले. मग आपल्या मुंबईच्या पिशवीकडे, मग आईकडे. आईने तिची काठी त्यांच्या हातात दिली.

"आता कोणी कोणाला कुठं न्यायचं, ते ठरवा," ती म्हणाली. "पण आधी बूड टेका. आणि सारखं ओढू नका, तो घाबरतो."

"मला उद्या डबल पाळी हाय."

"फोन करा. सांगा, डॉक्टरकडं आलोय."

"डॉक्टर कुठाय इथं?"

आईने माझ्याकडे बोट केले. मी मान्यता दिली नाही, पण हरकतही घेतली नाही. बाबांनी फोन लावला, दोन वाक्ये बोलले, आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून माझ्याकडे दिला. मग ते बसले. पहिली पंधरा मिनिटे त्यांनी शेताचा, अर्धेलीचा, खोलीच्या नळाचा विषय काढला; आई प्रत्येक वेळी "शू" म्हणाली. चौथ्यांदा विषय निघाला नाही. दुपारी पावणेदोनच्या सुमारास त्यांचा हात एकदम हलला.

"ओढलं!" ते म्हणाले. "अगो, ओढलं त्यानं!"

"मग? ओढणारच. खायला दिलंय ना."

"परत टाकू?"

"विचारताय काय? आता सोमवार संपेपर्यंत तेवढंच काम हाय तुम्हाला."

सव्वातीनला मी त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी हात पुढे केला, पण दोऱ्यावरची नजर काढली नाही, आणि आकडा किती आला हेही विचारले नाही. तो मी वहीत लिहिला: १५२/९६.